नाकासमोर

'नाकासमोर चालणारी मुलगी' अशी आमच्या घरात माझी ख्याती. नाकच डावीकडे वाकलेलं, ही गोष्ट वेगळी. सातवीत शाळेच्या पायऱ्यांवरून पडले, तेव्हापासून डाव्या नाकपुडीतून श्वास नीट यायचा नाही आणि फोटोत मी कायम एकाच बाजूने उभी राहायचे. बत्तिसाव्या वर्षी ठरवलं, आतला पडदा आणि बाहेरचं हाड, दोन्ही एकदाच सरळ करून घ्यायचं.

संमतिपत्र वाचताना डॉक्टर एकेक धोका सांगत होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक, शेंडा बधिर होणं, आकार मनासारखा न येणं, पुन्हा शस्त्रक्रिया, भुलीचे धोके. मी नुसती 'हो, हो' करत होते. भावाचं लग्न दीड महिन्यावर आलेलं, लक्ष सगळं फोटोंकडे.

शुद्धीवर आले ती तोंडाने श्वास घेत. नाकावर प्लास्टर, आत पट्ट्या. दुखणं फारसं नव्हतं, पण घशाला सतत कोरड आणि तीन उशांवर अर्धवट बसून झोप. तिसऱ्या दिवशी डोळ्यांखाली जांभळं झालं. आईने काही न बोलता आरशावर टॉवेल टाकला.

पाचव्या दिवशी औषधं आणायला हैदराबादच्या कोठी भागात उतरले. चष्मा नाकावर टेकवायचा नाही म्हणून चिकटपट्टीने कपाळाला लावलेला. बस स्टॉपजवळ रिक्षावाल्या चाचांनी हळूच विचारलं, "क्या बेटी, घरवाला मारा क्या?"

"नै चाचा, नाक का आपरेशन हुआ."

त्यांना पटलं नाही. नवऱ्याला हे सांगितलं, तर पंधरा दिवस तो माझ्यासोबत कोठीत यायला तयार नाही!

त्याच संध्याकाळी वाकून पाण्याची बादली उचलली आणि नाकातून रक्ताची धार लागली. वाकू नका, जड उचलू नका, नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या. सगळं कागदावर लिहून दिलेलं होतं. पडद्याजवळ रक्त साचलंय का, हे डॉक्टरांनी आधी पाहिलं. ते तसंच राहिलं तर कूर्चेचं पोषण तुटून नाक बसू शकतं. माझं साचलं नव्हतं.

संमतिपत्रातले धोके तेव्हा खरे वाटले आणि एक जुनी गोष्ट आठवली. मी शिकले ते कोठीचं महिला महाविद्यालय म्हणजे पूर्वीची ब्रिटिश रेसिडेन्सी. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. भूल देताना श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको, असा त्यांचा ठाम निष्कर्ष. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतो, हे पुढे सिद्ध झालं. माझ्या डॉक्टरांनी मात्र 'शंभर टक्के' हा शब्द एकदाही वापरला नव्हता. सही करताना मला तो कच्चेपणा वाटला होता.

लग्नात शेंडा सुजलेलाच होता. "फरक काय पडला गं?" मामीने विचारलं. आज चौदा महिने झाले. श्वास दोन्हीकडून येतो. शेंडा अजून थोडा बधिर आहे आणि निरखून पाहिलं तर नाक किंचित डावीकडेच आहे.

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, ते धरून तारीख घ्या. आणि 'काहीच होणार नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरसमोरून सही न करता उठून या.