मरियम कुठल्या भाषेत बोलली?

उत्तर पोलंडमधल्या ओल्श्टिनहून बस निघाली की एक तळं संपत नाही तोच दुसरं सुरू होतं. हिमयुगातल्या बर्फाने खरवडलेली ही जमीन. वार्मिया आणि शेजारच्या माझुरी भागात मिळून 2,000 च्या वर तळी असल्याचं सांगतात. मराठवाड्यातल्या माणसाला इतकं पाणी बघून थोडा रागच येतो.

गेट्शफाउट हे 18-20 किलोमीटरवरचं खेडं. लाल विटांचं चर्च, मेणबत्त्यांची दुकानं, झऱ्याकडे उतरणारी वाट. 27 जून 1877 रोजी इथल्या 13 वर्षांच्या युस्तिना शाफ्रिन्स्काला चर्चजवळच्या मेपलच्या झाडावर मरियम दिसली, असं सांगतात. मग 12 वर्षांच्या बार्बरा सामुलोव्स्कालाही. 16 सप्टेंबरपर्यंत हे चाललं. रोज जपमाळ ओढा, एवढंच तिचं मुख्य मागणं.

मला अडवलं ते भाषेने. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. वार्मिया प्रशियाकडे, शाळांमधून पोलिश 1873 मध्येच हद्दपार. आणि या मुली सांगत होत्या की मरियम आमच्याशी पोलिशमध्ये बोलली! हजारोंनी लोक लोटले. सरकारला त्यात बंडाचा वास आला. गावच्या पाद्र्यांना, ऑगस्टिन वाइक्सेल यांना, दंड आणि अटक भोगावी लागली. आडनाव जर्मन, पण ते लोकांच्या बाजूने राहिले. चर्चने या दर्शनांना अधिकृत मान्यता दिली ती 1977 साली, तब्बल शंभर वर्षांनी.

आपल्याला हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो. गाडीत शेजारचा म्हणतो, ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ लहानपणी मौलवीसाहेब म्हणायचे, दुआ उर्दूत माग. अम्मी मात्र नमाज अरबीत पढून झाली की हात उचलून सरळ मराठीत सुरू करायची: ‘या अल्लाह, पोरांना सुखात ठेव, औंदा पाऊस पाड.’ तिला कधी वाटलं नाही की वर कुणाला समजणार नाही. याच पोलंडच्या पूर्वेला, बोहोनिकी आणि क्रुशिन्यानीत, तातार मुसलमान शतकानुशतकं राहतात. त्यांची मूळ भाषा कधीच विसरली गेली, घरात पोलिशच.

दर्शनावर माझा विश्वास नाही. पण मरियम मला परकी नाही. कुरआनात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री, एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची. तिथे ती प्रसूतीच्या कळा सोसत खजुराच्या बुंध्याशी येते आणि पायाखाली झरा वाहू लागतो. इथेही झाड आणि झरा. 8 सप्टेंबर 1877 पासून, म्हणजे आपली वांद्र्याची मोत माऊलीची जत्रा भरते त्याच सुमाराच्या सणापासून, लोक या झऱ्याचं पाणी भरून नेतात. जमजम आणल्यासारखंच, घरी सगळ्यांना घोट घोट द्यायला.

रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी होती. मी रिकाम्या हाताने आलेला बघून तिने आपली भरलेली बाटली माझ्या हातात ठेवली आणि पोलिशमध्ये बरंच काही बोलली. मी मराठीतच म्हणालो, ‘आजी, दुआ करा.’ तिने मान डोलावली आणि दुसरी बाटली भरायला वाकली.