मधले बटण

आमच्या चिरंजिवांचा आणि माझा संवाद गेले वर्षभर एका बंद दारातून चालत असे. आतून गिटार गुरगुरायची आणि बाहेरून मी ओरडायचा, "बंद कर ते!"

त्यामुळे परवा तो आपण होऊन माझ्या टेबलापाशी आला, तेव्हा वाटले, पैसे हवे असतील. पण तो म्हणाला, "बाबा, बँडमध्ये माझं वाजवणं कुणाला ऐकूच येत नाही."

घराच्या भिंती हलवणारा आवाज तिथे ऐकू येत नाही! मला हसू फुटणार होते. पण त्याचा चेहरा पाहून आवरले आणि त्याच्याबरोबर तालमीला गेलो.

न्यू मेटल हे त्याचे संगीत आणि 'कॉर्न' हे दैवत. कॉर्न म्हणजे मका, एवढेच मला ठाऊक! हा मका कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा; पहिली ध्वनिमुद्रिका १९९४ची. नेहमीच्या गिटारला तारा सहा, यांच्या गिटारींना सात; आणि त्याही एक पूर्ण स्वर उतरवलेल्या. एरवी गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, यांची ५५. म्हणजे खर्जाच्याही तळघरातला खर्ज.

तालमीच्या खोलीत अँप्लिफायर जमिनीवर होता. खुर्ची नव्हती, म्हणून मीही जमिनीवरच बसलो. वाजवणे सुरू होताच माझ्या कानात सुया टोचल्या. त्याला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. कारण तो उभा, आणि स्पीकरचे तोंड त्याच्या गुडघ्यांकडे!

"खाली बसून ऐक जरा," मी म्हणालो. तो शेजारी बसला. किती वर्षांनी, कोण जाणे.

मग बटणे पाहिली. 'गेन' आणि 'बास' शेवटापर्यंत, 'ट्रेबल'ही तसेच, 'मिडल' शून्यावर. एकट्याने वाजवताना हा मधून पोकळ केलेला आवाज अवाढव्य वाटतो. पण चौघांत खालची जागा बास गिटारने व्यापलेली, वरची झांजांनी. गिटारला उरते ती मधली. आणि तीच याने शून्यावर ठेवलेली! मिडल चढले, बास आणि ट्रेबल उतरले, गेन निम्म्यावर आले. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून मारलेले आघात आता एकेक सुटे ऐकू येऊ लागले. आणि दोन आघातांमधली शांतताही. अरे, हा तर यती! वर्गात मी वीस वर्षे तोच शिकवतो आहे. तो आवाज वजनदार होतो तो गुरगुरण्याने नव्हे, त्या थांबण्याने.

वर्षभर दाराबाहेर माझेही गेन शेवटापर्यंतच होते, नाही का?

घरी आल्यावर दार पुन्हा लागले. गुरगुर सुरू झाली. सौभाग्यवतींनी विचारले, "आज ओरडणार नाही वाटतं?"

मी दारावर हलकेच टकटक केली. म्हणालो, "मिडल थोडं कमी झालंय का रे?"

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.