कलाकार की बुवा?

चमचे वाकवणारा उरी गेलर ही आपली मनःशक्ती असल्याचं सांगायचा. "काही असो, कलाकार मोठा!" असं आपलेच काही मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. शिबिरात आम्ही जिभेवर पेटता कापूर ठेवतो आणि लगेच कारणही सांगतो. १९७३ साली जादूगार जेम्स रँडीच्या सल्ल्याने अमेरिकन टीव्हीवाल्यांनी स्वतःचं साहित्य ठेवलं, तेव्हा गेलरची शक्ती चालली नाही. विनयानुसार, नसलेल्या सिद्धीचा जाणूनबुजून दावा करणारा भिक्खू संघातून कायमचा बाद होतो. ही चौथी पाराजिका. अंगाऱ्यावर विसंबून लेकराचं औषध टाळणारी आई वस्तीत भेटते, तेव्हा हा नियम इतका कडक का, ते कळतं. मान हातचलाखी कबूल करणाऱ्या जादूगाराला द्या. बुवाला प्रश्न विचारा. जय भीम!