ड्योढी

देवडी बाजाराचे नाव आपल्या शहरात रोज घेतले जाते. पण देवडी म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात. मराठी वाड्यात दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची बसायची जागा ती देवडी, उर्दूत ड्योढी. हैदराबादेत तर उमरावांच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणत. ‘दहलीज’चेही तसेच. अरबीत ‘दिहलीज’ म्हणजे दार आणि अंगण यांमधली वाट. आपल्या बोलण्यात येईतो तिचा नुसता उंबरा उरला.

जुन्या औरंगाबादेतल्या गल्ल्यांत अजून काही घरांना ड्योढी आहे. दार उघडले की समोर भिंत. बाजूला वळल्याशिवाय अंगण दिसत नाही. दौलताबाद किल्ल्यातली अंधारीही वळणे घेते, पण ती शत्रूला चकवण्यासाठी. इथले वळण नजरेसाठी. सूरह नूरमध्ये (२४:२७) परवानगी घेऊन व सलाम करूनच दुसऱ्याच्या घरात जाण्याची आज्ञा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुणाकडे गेले तर दाराच्या अगदी समोर नव्हे, बाजूला उभे राहत. आमच्या गवंड्यांनी हा अदब चुन्या-विटांत बसवला, असे मला वाटते.

पण ड्योढीला केवळ पडद्याची सोय समजणे अन्यायाचे होईल. तिथल्या ओट्यावर दूधवाला टेकायचा, अनोळखी माणसाला पाणी मिळायचे, मगरिबनंतर मोहल्ल्यातली मुले सिपारा घेऊन बसायची. एखादी अडलेली बाई चारचौघांत हात न पसरता तिथेच दोन शब्द बोलून जायची. आजच्या फ्लॅटमध्ये दार उघडले की थेट सोफा. आलेल्याला एक तर पूर्ण आत घ्या, नाही तर जिन्यात उभे ठेवा.

बीबी का मकबरा पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वारात जरा थांबा. सगळे फोटोसाठी पुढे धावतात. तिथल्या पितळी पत्र्याच्या दारावर अताउल्लाह आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावे आहेत.

घराच्या वाटणीत ड्योढी बहुधा सामाईक राहते. आमच्या माहितीतल्या एका घरात दोन भावांचे बोलणे बंद होते; पण येता-जाता ड्योढीत गाठ पडायची आणि सलाम तरी व्हायचाच. गेल्या वर्षी खाली दुकाने काढली. ड्योढीच्या जागी शटर बसले. वर जायला लोखंडी जिने केले, दोघांचे दोन बाजूंनी.