इंजिन का तापते? आधी कारण शोधा, मग पाना उचला

‘जुनी गाडी आहे, उन्हाळ्यात तापणारच.’ हे वाक्य गॅरेजवाला म्हणतो, शेजारचे काका म्हणतात, आणि गाडी विकणारा तर हटकून म्हणतो. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. इंजिन वयामुळे तापत नाही. तापते ते एखादा पंखा बंद पडल्यामुळे, एखादी नळी चोंदल्यामुळे, एखाद्या झाकणाचे रबर कडक झाल्यामुळे. वय हे कारण नव्हे. कारण न शोधण्याची ती सबब आहे.

हा विषय कशाला, असे काही मित्र विचारतील. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत पहिली चारचाकी आली ती दुसऱ्याने वापरून सोडलेली. तिच्यातूनच आजीला दवाखान्यात नेतात, मुलीला परीक्षा केंद्रावर सोडतात, लग्नाचा बस्ता आणतात, आणि एप्रिलमध्ये तिच्यावरच निळे झेंडे लागतात. अशा गाडीचे इंजिन एकदा जोरात तापले की हेड वाकते, गॅस्केट जाते, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. मग ती भंगारात. पुढची गाडी कधी येईल, याची काही खात्री नसते. म्हणून हा विषय.

आम्ही चौघे मिळून २००८ सालची मारुती ८०० वापरतो. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ही गाडी बनणे जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, म्हणजे रस्त्यावरची सर्वांत नवी ८०० सुद्धा आज दहा वर्षांपुढची आहे. आम्ही राहतो नागपुरात. इथल्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको.

आता जरा हिशेब करू. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. साधारण तेवढाच भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी रेडिएटरमध्ये येते आणि आपली उष्णता हवेला देते. किती देते? पाणी आणि हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, त्या प्रमाणात. पाणी ९० अंश आणि डिसेंबरची दुपार २५ अंश धरली, तर फरक ६५. मे महिन्यात हवा ४५, फरक उरला ४५. त्यात समोर बस उभी, खाली तापलेले डांबर, आणि एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर हवा आधीच तापवून आत पाठवतो. ती ५५ अंशांची झाली तर फरक ३५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम जवळजवळ निम्मे.

कंपनीने हे गृहीत धरूनच गाडी बनवलेली असते. नवी ८०० मे महिन्यात सिताबर्डीच्या गर्दीत उभी राहत होतीच. पण ज्या गाडीच्या रेडिएटरचा तिसरा हिस्सा धुळीने बुजला आहे, ती डिसेंबरात निभावते आणि मे महिन्यात उघडी पडते. दोष डिसेंबरातही होताच. दिसत नव्हता, इतकेच.

मग दोष कुठे आहे हे ओळखायचे कसे? गाडी मोकळ्या रस्त्यावर, साठच्या वेगाने नीट चालते आणि सिग्नलवर थांबली की काटा चढतो, असे असेल तर आधी हवेकडे बघा. धावत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीत ते काम एकटा पंखा करतो. उलट, मोकळ्या रस्त्यावर किंवा घाट चढतानाही काटा वर जात असेल तर संशय पाण्याच्या बाजूचा: रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप थकलेला, बेल्ट ढिला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. एवढा एक प्रश्न स्वतःला विचारून गॅरेजमध्ये गेलात तरी निम्मे काम झाले.

पंखा तपासायला मेकॅनिक लागत नाही. गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि काट्याकडे बघत बसा. काटा मध्याच्या जरा वर गेला की पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाला पाहिजे. सुरूच होत नसेल तर फ्यूज, रिले, तापमानावर चालणारा स्विच, वायरचा जोड, आणि शेवटी मोटर, या क्रमाने बघावे. जुन्या मोटरचे कार्बन झिजतात. पंखा फिरतो, पण मरगळल्यासारखा. लांबून सगळे ठीक दिसते म्हणून हा दोष फसवा. ॲम्बेसेडर, पद्मिनी यांसारख्या आणखी जुन्या गाड्यांत पंखा बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन मंद तर पंखाही मंद. त्या गाड्या सिग्नलवर चटकन तापतात त्यामागे हेच आहे.

इथे गॅरेजमध्ये एक ठरलेला उपाय मिळतो: ‘फॅन डायरेक्ट करून देतो.’ स्विच बाजूला ठेवायचा आणि चावी फिरवली की पंखा सुरू, असे वायरिंग करायचे. रस्त्यात अडकलात तर घरी पोचायला हे चालेल. कायमचे मात्र करू नये. मोटर दिवसभर फिरून लवकर मरते आणि स्विचचा दोष तसाच राहतो.

दुसरा ठरलेला उपाय जास्त घातक. ‘भाऊ, वॉल काढून टाकतो, टेन्शनच नको.’ वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आमच्या गाडीतला आधीच्या मालकाने काढूनच टाकला होता आणि विकताना ते गुण म्हणून सांगितले होते. आता विचार करा. थर्मोस्टॅट हा दरवाजा आहे. पाणी थंड असताना बंद, ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, आणि त्याहून थोडे वर पूर्ण उघडा. गाडी १०५ अंशांवर गेली असेल तेव्हा चांगला थर्मोस्टॅट सताड उघडाच असतो. उघड्या दरवाजाची कवाडे काढून काय मिळणार? तो अडकलेला असेल तर काढल्याने फरक पडतो हे खरे, पण मग नवा बसवावा. काही शे रुपयांची वस्तू. काढून टाकला की सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, कंट्रोल युनिटला वाटते इंजिन थंडच आहे, ते जास्त पेट्रोल सोडत राहते, ॲव्हरेज पडते आणि ऑइल लवकर खराब होते. ‘सगळेच काढतात’ हा युक्तिवाद आम्हाला कुठेच मान्य नाही, तो बॉनेटखाली तरी का मान्य करावा? बंपरला लिंबू-मिरची बांधण्यात आणि वॉल काढण्यात फरक एवढाच की लिंबू-मिरचीने पेट्रोल जास्त जळत नाही.

पण यासाठी मेकॅनिकला नावे ठेवायला आम्ही तयार नाही. त्या माणसाच्या हातात जे ज्ञान आहे ते पुस्तकात सापडत नाही. तो नुसत्या आवाजावरून पंपाचे बेअरिंग ओळखतो. ग्राहक संध्याकाळपर्यंत गाडी मागतो, नवीन पार्टचे पैसे म्हटले की कुरकुर करतो, तपासणीची मजुरी तर द्यायलाच तयार नसतो. मग तो वॉल काढणार नाही तर काय करणार? निदान करायला वेळ लागतो, आणि त्या वेळाची मजुरी मोजून द्या. आमचा मेकॅनिक त्यानंतर आम्हाला स्वतःहून म्हणाला, ‘रेडिएटर उतरवून बघू न.’

उतरवल्यावर दिसले ते असे: कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापूस, किडे, चिखल यांची गादी तयार झाली होती. पुढून कितीही पाणी मारा, ती हलत नाही. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने, बाहेरच्या दिशेला धुवावे लागते. जास्त दाबाचा पंप मारला तर ॲल्युमिनियमच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी उघडून आतून सळई मारून साफ करणारे कारागीर अजून आहेत, रॉडिंग म्हणतात त्याला. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर आतून चोंदला तर बदललेला बरा.

कूलंटबद्दलही एक गैरसमज आहे. कूलंटने गाडी ‘जास्त थंड’ होते असे नाही. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. मग कूलंट का? कारण त्याने पाणी उशिरा उकळते आणि आतला धातू गंजत नाही. बोअरवेलचे जड पाणी घालत राहिलात तर चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर इंजिनाच्या आत बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे ३० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर एवढे पुरते. बॅटरीच्या दुकानात ते स्वस्त मिळते. मागताना नीट मागा, ॲसिड नको.

झाकणाकडे तर कुणाचेच लक्ष नसते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाब. ०.९ चे झाकण धड असेल तर आतले साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक झाले, स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि तेच पाणी शंभरीला उकळते. सगळ्यांत स्वस्त पार्ट, आणि आम्ही पाहिलेल्या कितीतरी ‘तापणाऱ्या’ गाड्यांत दोषी तोच निघाला. त्याच्या जागी जास्त दाबाचे झाकण लावण्याची हुशारी मात्र नको. जुने होज पाइप फाटतील.

आता १४ एप्रिलचे. १३ तारखेच्या रात्री इंदोरा चौकातून संविधान चौकाकडे निघालेली गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगाने जाते. कधी अर्धा तास जागेवरच. गाडीवर स्पीकर, ॲम्प्लिफायर, लायटिंग, सगळे गाडीच्याच बॅटरीवर. इंजिन मंद असताना अल्टरनेटर कमी करंट देतो. बॅटरी उतरते, व्होल्टेज पडते, आणि त्यासोबत रेडिएटरचा पंखाही मंदावतो. गाडी तापते ती इथे. ॲम्प्लिफायरला वेगळी बॅटरी द्या. पुढच्या जाळीवर बॅनर बांधू नका. दोन्ही बाजूंना बांधा, टपावर बांधा, जाळी मोकळी ठेवा. मिरवणूक थांबली की इंजिन बंद करा.

आणि काटा लालकडे निघालाच तर आधी एसी बंद. मग हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सुरू, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. घामाने भिजाल, पण इंजिन वाचेल. न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, म्हणजे पंप जोरात पाणी फिरवेल. तरीही चढत असेल, किंवा वाफ दिसली, तर बाजूला घेऊन बंद करा, ‘अजून थोडेच राहिले’ म्हणू नका. काटा एकाएकी खाली आला म्हणूनही हुरळून जाऊ नका. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटे बोलतो.

झाकण गरम असताना उघडायचे नाही, कुणी कितीही घाई केली तरी. दाबाखालचे पाणी झाकण सुटताच उसळून तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबा, वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवू द्या, जाड कापड टाकून आधी अर्धाच फेरा सोडा. पाणी भरताना इंजिन चालू ठेवून हळूहळू भरा. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले तर तडा जातो.

भरलेले पाणी आठवडाभरात पुन्हा कमी झाले आणि खाली कुठे थेंब दिसत नसेल, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर गॅस्केट गेली आहे. अशा गाडीतून आजीला दवाखान्यात न्यायला निघू नका. रिक्षा बोलवा.

आमच्या डिकीत मार्च ते जून कायम असते ते हे: पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, जुनी गोधडी, दोन होज क्लिप, पंख्याचा जादा फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर. चौघांपैकी जो गाडी परत आणून ठेवतो त्याने सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी बघून डॅशबोर्डवरच्या वहीत तारीख टाकायची असा नियम आहे.