शनिवारचे पाणी

धर्मगुरूच्या आयुष्यात माणसे नाना वाटांनी येतात. कोणी कुमसाराच्या निमित्ताने, कोणी घरातल्या आजारपणामुळे, कोणी लेकराच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरवायला. काशीगावचे मामा मात्र माझ्या आयुष्यात आले ते एका जुन्या मोटारीमुळे. सारे गाव त्यांना मामाच म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. २०१४ साली मी त्यांच्या घरी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ हिरावून नेली होती. अंगणात पत्र्याच्या छपराखाली ताडपत्रीने झाकलेले काहीतरी उभे होते. मामांनी चाचपडत ताडपत्रीचे टोक धरले, बाजूला सारले आणि म्हणाले, "फादर, ही माझी थोरली लेक."

ती दोन आसनांची, उघड्या टपाची, गडद हिरव्या रंगाची एमजी टीडी होती. आजची मुले एमजी म्हटले की २०१९ पासून गुजरातेत हालोलला तयार होणाऱ्या नव्या मोटारी ओळखतात. मूळ एमजी म्हणजे इंग्लंडातील ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. पुढे अ‍ॅबिंगडन गावी त्यांचा कारखाना आला व तो १९८० साली बंद पडला. टीडी हे मॉडेल १९४९ ते १९५३ या काळात निघाले. एकूण २९,६६४ गाड्या झाल्या. त्यांतली एक कधीतरी बोटीने मुंबईस उतरली. मामा ज्या साहेबांकडे मेकॅनिक होते, त्यांनी ती निवृत्तीच्या वेळी मामांनाच देऊन टाकली. नोकरीच्या चाळीस वर्षांत मामांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकमेव चैन, आणि तीही फुकट मिळालेली!

डोळे गेल्यावर मामांना दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज होती. मुलगा कॅनडात स्थायिक झालेला; गाडी विकून टाकावी असे त्याचे म्हणणे. घरात मामी आणि शिकणारी नात. मामांची इच्छा एवढीच, की नातीच्या लग्नात नवरी याच गाडीतून चर्चच्या दारी उतरावी. तेव्हा दर शनिवारी दुपारी अर्धा तास मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. माझे हात आणि त्यांचे ज्ञान, असा आमचा व्यवहार ठरला.

पहिला धडा पाण्याचा. मामा म्हणाले, "फादर, इंजीन पेट्रोलवर चालतं असं लोक म्हणतात. चालतं पेट्रोलवर, जगतं पाण्यावर." जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी फार तर चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाण्याने हे काम सोडले तर काही मिनिटांत लोखंड फुगते, वाकते, दट्टे सिलिंडरात अडकून बसतात. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत पाणी तापते, वरच्या नळीने रॅडिएटरमध्ये येते, पितळी-तांब्याच्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याला उष्णता देते आणि निवून खालच्या नळीने परत इंजिनात जाते. अगदी जुन्या मोटारींत पंपसुद्धा नसे. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली बसते, एवढ्यावरच सारे भागे. टीडीला पंप आहे, पंखा आहे आणि थर्मोस्टॅटही आहे.

या थर्मोस्टॅटवरून एकदा गंमत झाली. एका गॅरेजवाल्याने मला सांगितले की आपल्या हवेत त्याची गरजच नाही, काढून टाका, गाडी थंड राहील. मी तो सल्ला मोठ्या उत्साहाने मामांना ऐकवला. मामा हसले. "थंड इंजीन म्हणजे निरोगी इंजीन नव्हे. ते तापायलाही पाहिजे; फक्त बेताचं." इंजीन गार असताना थर्मोस्टॅट रॅडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे ते लवकर ऊब धरते. ठरावीक उष्णतेला तो वाट उघडतो. तो काढला तर इंजीन दीर्घकाळ गार राहते, पेट्रोल नीट जळत नाही, तेल पातळ होत नाही आणि झीज वाढते. तो ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी मामांनी तो सुतळीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायला लावला, पातेले गॅसवर ठेवले आणि मला उष्णतामापक धरून बसवले. ऐंशी अंशांच्या आत झडप हळूच उघडली. पातेले मामींच्या दुधाचे होते, हे नंतर कळले. त्या शनिवारी मला चहा मिळाला नाही.

हळूहळू मी बरेच शिकलो. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून सैल असेल तर तो घसरतो, फार ताणलेला असेल तर पंपाचे बेअरिंग खातो. रॅडिएटरच्या पंखांत अडकलेले किडे व धूळ इंजिनाच्या बाजूने पाणी मारून पुढे ढकलावी. आतला गाळ काढायचा तर पाणी उलटे, खालच्या तोंडाने सोडावे. नेहमीच्या प्रवाहाने जो गाळ दाबून बसलेला असतो तो उलट प्रवाहाने सुटतो. रबरी नळी बाहेरून गुळगुळीत दिसते, पण दाबून पाहावी. आतून ती कुजलेली असू शकते. मुंबईत पाणी कधी गोठत नसले तरी त्यात कूलंट घालावाच, कारण तो गंज रोखतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतो. मात्र त्याची चव गोड आणि परिणाम प्राणघातक; म्हणून काढलेला कूलंट मामा गटारात जाऊ देत नसत. गल्लीतली कुत्री तो चाटतील, या धास्तीने ते डबा घट्ट बंद करून उंचावर ठेवायला लावत.

पाण्याच्या बाबतीत तर मामा विलक्षण काटेकोर. आमच्या भागातले बोअरवेलचे पाणी जड. ते तापले की आतल्या बाजूस चुनखडीचा थर धरतो आणि उष्णता लोखंडातून पाण्यात उतरेनाशी होते. म्हणून पहिल्या दोन-तीन सरींनी कौले धुऊन निघाल्यावर मामा पन्हळीखाली स्वच्छ पिंप लावीत आणि ते पाणी वर्षभर गाडीसाठी राखून ठेवीत. दर शनिवारी माझी पावले ओसरीवर वाजली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "फादर, पाणी पाहिलं?"

आता जे सांगायचे आहे ते सांगताना लेखणी अडखळते. २०१७ च्या मे महिन्यात नातीचे लग्न ठरले. त्या वर्षी माझ्यामागे धर्मग्रामाची कामे फार होती. मार्चपासून माझे शनिवार उरकते घेतल्यासारखे होऊ लागले. पिंप एप्रिलमध्ये संपले, तेव्हा मी नळाखालची बादली उचलून बोअरचे पाणी दोनदा ओतले. खालच्या नळीच्या क्लिपपाशी ओल दिसत होती. पुढच्या वेळी पाहू म्हणून सोडून दिली. त्यानंतरचे तीन-चार शनिवार तर मी झाकणच उघडले नाही. मामा विचारीत, "पाणी पाहिलं?" आणि मी म्हणे, "हो, मामा." ज्याला दिसत नाही त्याला सांगितलेले खोटे किती सोपे असते!

लग्नाआधीच्या सोमवारी गाडीची चाचणी घ्यावी म्हणून मी व मामा निघालो. दुपारची वेळ होती. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला वाहनांची रांग लागली आणि आम्ही ट्रकांच्या मध्ये अडकलो. इंच इंच पुढे सरकणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही. सारा भार पंख्यावर पडतो. मामांनी मागाहून बसवून घेतलेला तापमानाचा काटा चढू लागला. मामा दर मिनिटाला विचारीत, "काटा कुठे आहे?" मी सांगे, "नव्वद. पंचाण्णव. शंभरला टेकतोय." आणि मग तो एकाएकी खाली येऊ लागला. माझा जीव भांड्यात पडला. मी आनंदाने म्हणालो, "मामा, उतरला! सत्तरवर आला."

मामांचा चेहरा पांढरा पडला. "फादर, इंजीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

मला तेव्हा उमगले नाही ते त्यांना शब्द ऐकताच उमगले होते. काट्याचा कंद पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरे बोलतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो पाण्याचे नव्हे, रिकाम्या पोकळीचे मोजमाप देतो. आत लोखंड भाजत असते आणि बाहेर काटा शांत दिसतो.

मी गाडी कडेला घेतली आणि भीतीपोटी जी चूक करू नये तीच केली. नाकावरचे अष्टकोनी झाकण फडक्याने धरून फिरवले. वाफ आणि उकळते पाणी उसळले. माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तशाही स्थितीत मी पाण्याची बाटली उचलली, पण आवाजावरून मामांना ते कळले. "ओतू नका! तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाईल. थांबा. तासभर बसून राहा." आम्ही बसून राहिलो. शेजारून ट्रक जात होते. त्या तासाभरात मी त्यांना सारे सांगितले: बोअरचे पाणी, ओली क्लिप आणि न उघडलेले झाकण. आयुष्यभर दुसऱ्यांचे कुमसार ऐकत आलेला मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बोलत होतो आणि ते ऐकत होते.

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणी नव्हतं म्हणून दुःख नाही. नाही पाहिलं, असं सांगितलं असतं तर मी नातीला पाहायला लावलं असतं."

गाडी टो करून आणावी लागली. हेड गॅस्केट उडाले होते, हेड वाकले होते. नात लग्नाला भाड्याच्या मोटारीतून आली. मिस्सा मीच अर्पण केली. उजव्या हाताला पट्टी होती. मामा पहिल्या बाकावर होते. लग्नानंतर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मामी प्रेमानेच बोलल्या, पण मामांनी गाडीचा विषय काढला नाही. पुढचे दोन शनिवार मला त्या अंगणात जाण्याचे धैर्य झाले नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांचाच निरोप आला: पिंप लावायची वेळ झाली आहे, पाऊस येतोय.

हेड कुर्ल्याच्या एका मशीन शॉपमध्ये घासून सपाट करून घेतले. गॅस्केट इंग्लंडहून मागवले. ज्या मुलाला गाडी विकायची होती, त्यानेच ते पाठवले. ऑक्टोबरात इंजीन पुन्हा चालू झाले. मामांनी एक हात वरच्या नळीवर आणि एक खालच्या नळीवर ठेवला. वरची बराच वेळ गार होती. मग थर्मोस्टॅट उघडला आणि ती एकदम तापली. थोड्या वेळाने खालची कोमट झाली. मामांनी मान हलवली. त्यांना काट्याची गरज नव्हती, आणि माझ्या शब्दाचीही.

मामा २०२० साली गेले. गाडी आता नातीकडे आहे. छपरासमोरून दिसणारे आकाश मेट्रोच्या खांबांनी कापले आहे आणि महामार्गावरची गर्दी वाढतच आहे, म्हणून ती गाडी पहाटेच बाहेर काढते. माझी बदली झाली असली तरी त्या बाजूस गेलो की मी अंगणात डोकावतो. ती विचारते, "फादर, पाणी पाहता का?" इंजीन गार असल्याची खात्री करून मी झाकण फिरवतो, आत बोट घालतो, आणि मग जे असेल तेच सांगतो. गेल्या खेपेस पाणी दोन बोटे कमी होते. आम्ही दोघांनी मिळून गळती शोधली.