शेळीला पाणी दाव

गेल्या महिन्यात रसदीचा ताफा निघण्याआधी पहाटे एका लॉरीचा फाळका उघडला आणि डिझेल अन् दवात भिजलेल्या ताडपत्रीचा वास अंगावर आला. दसरा उलटला की आमच्या पाटोदा तालुक्यात हाच वास यायचा. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं निघायचे. माय फाळक्यावर पाय देऊन ट्रकात चढली, वळून बघितलं नाही. आतून नुसती ओरडली, "शेळीला पाणी दाव गं!" उन्हाळ्यापर्यंत मला तेवढंच वाक्य पुरवायचं होतं.

मी लष्कराच्या सर्व्हिस कोअरमध्ये अधिकारी झाले. फील्ड पोस्टिंग आली तेव्हा लेकीला मायजवळ ठेवलं. निघताना तिला म्हणाले, "दप्तर आवरून ठेव." काळजावर दगड ठेवून देशासाठी गेली, असं गाव माझं कौतुक करतं. मायच्या काळजाचं कुणी नाव काढलं नाही. ती तोडीवर आजारी पडली तर मुकादम खाडा धरून पैसे कापायचा. हे मला आजही सलतं.

2017 साली साताऱ्याच्या स्वाती महाडिक लष्करात अधिकारी झाल्या. नवरा, कर्नल संतोष महाडिक, 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झालेले. मायनं पेपरातला फोटो बघून एवढंच विचारलं, "पोरं कुणापाशी ठिवली तिनं?"

लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या खटल्यात केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं की जवान बहुतेक खेड्यातले, बाईच्या हाताखाली राहायला त्यांचं मन अजून तयार नाही. 17 फेब्रुवारी 2020 ला न्यायालयानं ते फेटाळलं. माझा राग मात्र गेलेला नाही. खेड्यातले म्हणजे कोण? डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बायांचीच ना ही पोरं? बाईचा शब्द झेलतच ती वाढली.

माझ्या ताफ्यातला एक ड्रायव्हर आमच्याच भागातला, शिरूर कासारचा आहे. चहाला थांबलो की विचारतो, "मॅडम, औंदा तुमच्याकडं उचल किती दिली?" त्याचे आईबाप कर्नाटकात तोडीला गेलेत, धाकटी बहीण आजीजवळ आहे, शाळा बुडतेय. तोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात तिचं नाव घाल म्हटलं, तर म्हणाला, आजी सोडत नाही. रेंज मिळाल्यावर मी मायला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं त्यांच्या गावी गेली. तिथले गुरुजी नाव घालायला तयार आहेत. म्हातारी अजून ऐकत नाही, म्हणून माय येत्या बाजाराला पुन्हा जाणार आहे.